पिवळं जाकीट दिसेपर्यंत

चहाच्या दुकानात, पंख्याच्या बटणांशेजारी, एक कागद चिकटवलेला होता. कोपरे पिवळे पडलेले. अक्षर कॅप्टनचं.

१. सगळ्यात पुढे कॅप्टन. त्याला कोणी मागे टाकायचं नाही.
२. फाटा आला की कॅप्टनच्या लगेच मागची गाडी कोपऱ्यावर थांबेल. तिला खांब म्हणायचं. खांबाने मागून येणाऱ्यांना हाताने रस्ता दाखवायचा.
३. सगळ्यात मागे शेपूट. शेपटाचं जाकीट पिवळं.
४. पिवळं जाकीट दिसेपर्यंत खांबाने हलायचं नाही. शेपटाने दोनदा हॉर्न दिला की मगच गाडी काढायची आणि त्याच्या पुढे लागायचं.
५. शेपूट उशिरा आलं तर समजायचं की मागे कोणाचं तरी काहीतरी झालंय आणि शेपूट त्याच्याजवळ आहे. तरीही हलायचं नाही.

सहावा नियम कोणीतरी नंतर पेनने लिहिला होता: शेपटाची चेष्टा करायची नाही. त्याखाली दुसऱ्या पेनने: का बरं?

४१,२०७

घराला कुलूप लावताना 'येतो गं' म्हणावं असं आत कोणी राहिलं नव्हतं, त्याला आता चार वर्षं झाली होती. तरी किल्ली फिरवल्यावर चष्मेवाला क्षणभर दारापाशी थांबायचाच. मग जिना उतरायचा, गाडीवरचं कापड काढून घडी घालायची आणि मीटरवरचा आकडा मनात म्हणायचा. आज एक्केचाळीस हजार दोनशे सात.

आठवड्याचे सहा दिवस तो दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगांच्या कडा घासत बसे. पुढच्या खोलीत आरसे होते, गिऱ्हाइकं होती आणि त्यांच्याशी गोड बोलायला भाचा होता. मागे फक्त घासायचं यंत्र, त्यावर थेंबथेंब गळणारं पाणी, आणि हा. जगाला लांबचं नीट दिसावं म्हणून हा माणूस सहा दिवस नाकापुढच्या वीतभर अंतरात डोळे घालून बसायचा. सातव्या दिवशी त्याला स्वतःला लांबचं बघायचं असे.

रविवारच्या टोळीत तो शेपूट होता. एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं मागे राहिल्यावर माणसं तोंडावरून कमी आणि पाठीवरून जास्त ओळखू येतात.

कॅप्टनची पाठ: रुंद, डावीकडे किंचित कललेली. लांबून बघितलं तर कोणीतरी कपाट घेऊन चाललंय असं वाटावं.
शाळेतल्या सरांची पाठ: ताठ. वळणावरही ताठ. गाडी वळते, सर वळत नाहीत.
बेकरीवाल्याची पाठ: सकाळी टवटवीत, दुपारी पेंगुळलेली. तीनला उठतो बिचारा.
त्याची स्वतःची पाठ: कोणी पाहिलेली नाही.

त्याच्या गाडीच्या आरशातही कधी कोणी नसायचं. नुसता रस्ता, मागे मागे जाणारा. पण फाटा आला की कोपऱ्यावर कोणीतरी एक पाय जमिनीवर टेकवून, मान वळवून, त्याच्याच वाटेकडे बघत उभं असायचं. पिवळं दिसलं की त्याचा हात वर जायचा. रविवारात असे पाच-सहा फाटे. म्हणजे आठवड्यातून पाच-सहा वेळा कोणीतरी त्याची वाट बघायचं. हे त्याने कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. अशा गोष्टी बोलल्या की हलक्या होतात.

४१,२१३

"मंडळी, आनंदाची बातमी आहे," कॅप्टन म्हणाला. कॅप्टनचं फरशांचं दुकान. कुठलीही बातमी सांगायच्या आधी तो दोन बोटांनी टेबल ठोकून बघायचा, आतून पोकळ तर नाही ना म्हणून.

"परत लग्न करतोयस की काय?" बेकरीवाला.

"पहिलंच अजून निस्तरतोय. ऐका. फोन काढा सगळ्यांनी."

फोनमध्ये एक नकाशा होता. नकाशावर ठिपके. प्रत्येक गाडीचा एक ठिपका, कोण कुठे आहे ते सगळ्यांना दिसणार. सरांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतःचा ठिपका शोधला आणि तो सापडल्यावर त्याच्याकडे असे काही बघत राहिले की जणू पहिल्यांदाच आपण कुठेतरी आहोत हे त्यांना कळलं.

"तर आजपासून खांब बंद. शेपूट बंद," कॅप्टन म्हणाला. "दर फाट्यावर ताटकळायची भानगड संपली. शेपट्या, सुटलास बाबा! एकोणीस वर्षं आमची धूळ खाल्लीस. आज पुढे ये, माझ्या बरोबरीने. जरा ताजा वारा खा."

"मला मागेच बरं वाटतं."

"बघा! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी..."

"वाकडं ते वाकडंच!" सगळ्यांनी एका सुरात पुरं केलं, आणि दुकान हसण्याने भरलं. तोही हसला. कॅप्टनच्या मनात काही वाईट नव्हतं, तीच तर पंचाईत. वाईट मनाने केलेल्या गोष्टीवर रागावता येतं. मायेने केलेल्या गोष्टीचं काय करायचं?

"आण तुझा फोन, तुलाही जोडतो."

"घरी राहिला," चष्मेवाला म्हणाला. फोन छातीच्या खिशात होता.

"विसराळू झालास. म्हातारा होतोयस."

कॅप्टनने उठून भिंतीवरचा कागद नखाने सोलून काढला. भिंतीवर कागदाएवढा पांढराशुभ्र चौकोन उरला.

निघताना पेट्रोल पंपावर लिफ्टवाली धापा टाकत येऊन मिळाली. टोळीतली सगळ्यात नवी, तिशीची, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारी. आजची तिची दुसरीच फेरी. हाताला अजून काळं ग्रीस.

"सॉरी, सॉरी! चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे एक आजोबा अडकले होते. बाहेर काढलं तर म्हणतात, परत आत सोड, पिशवी राहिली."

"चल चल, नवी गाडी माझ्या मागे!" कॅप्टन ओरडला, आणि अकरा गाड्या एकदम सुरू झाल्या.

चष्मेवाला तेव्हा लांब हवा भरायच्या नळीपाशी पाठ करून उभा होता. चाकात हवा पुरेशी होती. त्याला फक्त थोडा वेळ कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

४१,२३१

सवयीने तो मागेच राहिला. अठरा किलोमीटर कोणी वळून बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं. जे बघायचं ते फोनमध्ये होतं.

डावीकडे कालव्याच्या कडेने एक अरुंद रस्ता निघायचा. एकोणीस वर्षं तो त्या रस्त्याला नुसती मान वळवून बघत आला होता, जसं माणूस बसच्या खिडकीतून एखाद्या अनोळखी घराच्या उघड्या दाराकडे बघतो. शेपटाला असं मधेच वळता येत नाही. शेपूट वळलं की मागे राहिलेल्यांना वाली उरत नाही.

पण आता तो शेपूट नव्हता.

त्याने गाडी बाजूला घेतली. पुढच्या पाठी एकेक करून चढावापलीकडे उतरल्या: कपाट, ताठ, टवटवीत. पाल आपलं शेपूट गळून पडलं म्हणून काही मागे वळून बघत नाही, पळत सुटते. त्याने पिवळं जाकीट काढलं, घडी घालून मागच्या पिशवीत कोंबलं आणि डावीकडे वळला.

४१,२३२ ते ४१,३१२

आणि मग काय सांगावं, पहिल्या दोन किलोमीटरमध्ये राग होता, तिसऱ्यात थोडा कमी झाला, चौथ्यात कालवा एकदम रस्त्याच्या इतका जवळ आला की पाण्यात त्याची स्वतःची गाडी उलटी धावताना दिसायला लागली, आणि राग कुठे सांडला ते कळलंच नाही, कारण पुढे कोणाची पाठ नव्हती, धूळ नव्हती, नुसता रस्ता होता, एका गाडीपुरता, मधोमध गवताची रेघ असलेला, आणि तो रस्ता जिकडे वाकेल तिकडे गाडी त्याच्या आधीच वाकत होती, जणू तिला वाट माहीत होती आणि हा फक्त सोबतीला आला होता. तिसरा गिअर, दुसरा, पुन्हा तिसरा, इंजिनचा आवाज शेतांवरून जाऊन लांबच्या झाडांना लागून परत येत होता, कापलेल्या गवताचा वास हेल्मेटमध्ये शिरत होता, एका पुलावर मेंढ्या होत्या आणि मेंढपाळाने त्याला असा हात केला की जणू कालच भेटले होते, एका चढावर त्याने उगाचच हॉर्न वाजवला, दोनदा, सवयीने, आणि स्वतःशीच हसला, चार वर्षांत पहिल्यांदा त्याला मोठ्याने गावंसं वाटलं आणि गाणं आठवेना म्हणून तो नुसता आ आ करत राहिला, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कोणी ऐकत नव्हतं, कोणी बघत नव्हतं, कोणाला मोजायचं नव्हतं, कोण पडलं कोण राहिलं याची काळजी नव्हती, टेकडीवर एक दुकान लागलं, तिथे त्याने बाकावर बसून सावकाश चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर घालून, आणि समोर रस्ता खाली उतरून दोन भागांत फुटला होता, फाट्यावर कोणीच नव्हतं, कोपरा मोकळा होता, किती छान मोकळा, एक पाय टेकवून उभं असलेलं कोणीच नव्हतं, आणि

४१,३१२

लिफ्टवाली.

तिने ऐकलंच नव्हतं. ती आली तेव्हा भिंतीवरचा कागद निघालेला होता आणि सगळे हेल्मेट घालत होते. नवी गाडी कॅप्टनच्या मागे. पहिल्या फाट्यावर खांब कोण? कॅप्टनच्या लगेच मागचा.

आणि नियम तिला कोणी शिकवले होते? यानेच. गेल्या रविवारी, त्याच कागदापुढे उभं करून, एकेक ओळीवर बोट ठेवून.

"आणि काका, शेपूट आलंच नाही तर?" तिने विचारलं होतं.

"येतंच."

"बरंय. आमच्या कामातही असंच असतं. एक जण खाली उतरला की दुसऱ्याने वर उभं राहायचं, खालून आवाज येईपर्यंत जागचं हलायचं नाही. आमचे वस्ताद म्हणायचे, आग लागली तरी हलायचं नाही. मी एकदा पाच तास उभी होते."

"पाच तास?"

"खालच्याला झोप लागली होती." आणि ती खो खो हसली होती.

बशी तशीच बाकावर ठेवून तो उठला. त्याने छातीवरच्या खिशातून फोन काढला. सव्वाबारा. तिचा नंबर त्याच्याकडे नव्हता. कॅप्टनला लावला. चौथ्या वेळी उचलला.

"अरे! फोन घरी राहिला होता ना?"

"लिफ्टवाली तुमच्याबरोबर आहे का?"

"असेल की. आम्ही जेवायला बसलोय. तू कुठे आहेस?"

"असेल म्हणजे? समोर दिसतेय का?"

"थांब." भांड्यांचा आवाज, कोणीतरी हसत होतं. "ठिपके तर सगळे आहेत इथं. दहाच्या दहा."

"तिचा ठिपका आहे त्यात?"

या वेळी कॅप्टनने टेबल ठोकल्याचा आवाज आला नाही.

"तिला जोडायचं राहिलं," तो म्हणाला. मग लगेच, "अरे, तिला कामाचा फोन आला असेल. गेली असेल परत. सर म्हणतात पहिल्या फाट्यावर थांबलेली दिसली होती, हात दाखवत होती. आम्हाला वाटलं, हातमोजा काढतेय. तू काळजी करू नकोस, आम्ही उलटे..."

पहिल्या फाट्यावर. तिथे दोन टेकड्यांमधे फोनही लागत नाही. पुढचं त्याने ऐकलं नाही. कॅप्टन जेवायला बसला होता ते हॉटेल फाट्यापासून शंभराच्या वर किलोमीटर होतं. चहावाल्याने सांगितलेल्या जवळच्या वाटेने हा बासष्टवर होता.

४१,३१२ ते ४१,३७३

जवळची वाट पुढे त्याच कालव्याला येऊन मिळाली, तीच शेतं. आता त्यातलं काही दिसेना.

दहा वाजून पाच. ती कोपऱ्यावर थांबली असेल. स्टँड मऊ डांबरात रुतू नये म्हणून खाली काहीतरी सपाट ठेवलं असेल. तेही यानेच शिकवलं होतं.

दहा वाजून दहा. सगळ्यांना हात दाखवून झाला असेल. नऊ गाड्या. कोणी हात हलवला असेल, कोणी अंगठा दाखवला असेल. थांबलं कोणी नसेल.

साडेदहा. शेपूट उशिरा आलं, म्हणजे मागे कोणाचं तरी काहीतरी झालंय. पण मागे कोण होतं? तिने बोटांवर मोजलं असेल. मागे फक्त काकाच होते.

अकरा.

साडेअकरा. सावली असेल का तिथे? एक मैलाचा दगड आहे. दगडाला कितीशी सावली असणार.

बारा. गेली असेल. बारापर्यंत कोण थांबतं? शहाणं माणूस गेलं असतं. कॅप्टन म्हणतो तेच खरं, गेलीच असेल.

ती गेलेली असावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि ती गेलेली नसावी, असंही. हे दुसरं त्याने स्वतःशी कबूल केलं तेव्हा एका आंधळ्या वळणावर गाडी जराशी घसरली. तो अजूनही आपली वाट बघत उभ्या असलेल्या माणसाची हाव धरत होता. आणि तिकडे कोणाच्या तरी पोरीला ऊन लागत होतं.

फाट्याच्या एक किलोमीटर अलीकडे तो थांबला. पिशवीतून जाकीट काढलं. चुरगळलं होतं. चेन लावली. आपण चोरी करून परत मुद्देमाल जागेवर ठेवायला निघालोय, असं त्याला वाटलं.

४१,३७४

चढ संपला आणि कोपरा दिसला.

ती उभी होती. एक पाय जमिनीवर. मान त्याच्या वाटेकडे. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, डोक्यावर ओला केलेला रुमाल. स्टँडखाली चेपलेला डबा.

पिवळं दिसलं तसा तिचा हात वर गेला. अर्ध्यात थांबला आणि खाली आला.

तिच्याशेजारी त्याने गाडी बंद केली. दोघांच्या इंजिनांशिवाय ती जागा फार शांत होती. कुठेतरी लांब पाण्याचा पंप चालू होता.

"कोणाला लागलंय?" तिने विचारलं. आवाज कोरडा पडला होता.

"कोणाला नाही."

"तुम्हाला?"

"मलाही नाही."

"मग? गाडी?"

पंक्चर म्हणता आलं असतं. चेन तुटली म्हणता आलं असतं. तिने लगेच मानलंही असतं, वर काळजीने विचारपूसही केली असती. शब्द जिभेवर आलेही होते. पण समोरच्या माणसाने त्याच्या भरवशावर तीन तास वीस मिनिटं उन्हात काढली होती. तिला आणखी एक खोटं द्यायचं त्याच्याने झालं नाही.

"गाडी ठीक आहे. मी फिरायला गेलो होतो," तो म्हणाला. "सकाळी तू यायच्या आधी कॅप्टनने नियम रद्द केले. खांब नाही, शेपूट नाही. मला राग आला. मी कालव्याकडे वळलो. तुला माहीत नसेल हे लक्षातच आलं नाही माझ्या. सव्वाबाराला आलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मजा आली?"

त्याला वाटलं टोमणा आहे. पण तिचा चेहरा तसा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"आली," तो म्हणाला. "फार आली."

तिने डोक्यावरचा रुमाल काढला, पिळला. त्यातून एक थेंबही पडला नाही.

"काका, अकरा वाजल्यापासून मी तुम्हाला मेलेलं धरून चालले होते. मागे जाऊन बघावं तर नियम. न जावं तर तुम्ही कुठल्या खड्ड्यात पडलात काय माहीत. दोन गाड्या थांबवल्या मी. म्हटलं, रस्त्यात पिवळं जाकीट घातलेला माणूस पडलाय का? दोघंही नाही म्हणाले. तर मला वाटलं, रस्त्याच्या खाली पडलात."

तिने त्याच्या चुरगळलेल्या जाकिटाकडे बघितलं.

"जाकीट काढलं होतंत ना?"

"हो."

"वाटलंच."

तिने वाकून चेपलेला डबा उचलला, खिशात घातला. हेल्मेट घातलं. काच खाली केली. आता तिचा चेहरा दिसेना. काचेत त्याचाच पिवळा ठिपका दिसत होता. गाडी सुरू केली, पण निघाली नाही. समोर बघत तशीच बसून राहिली.

त्याला जरा वेळाने उमगलं. त्याने हॉर्न दिला. दोनदा.

मग ती निघाली, शहराच्या दिशेने, परत. तिच्यामागे तो.

४१,४०१

सत्तावीस किलोमीटर ती एकदाही आरशात बघताना दिसली नाही. लिफ्टवालीची पाठ: खांदे उचललेले, रागाने घट्ट. खड्डा आला की मात्र डावा हात खाली करून बोटाने दाखवायची, मागच्यासाठी. तेवढं ती चुकली नाही.

टेकड्या मागे पडल्या आणि अडकलेल्या निरोपांनी खिशात फोन दोनदा थरथरला. लाल दिव्यापाशी थांबल्यावर त्याने बघितलं. पहिला निरोप बेकरीवाल्याचा, सगळ्या टोळीसाठी: सगळे पोचलो, झकास रस्ता. दुसरा कॅप्टनचा, त्याच्या एकट्यासाठी: सापडली का रे? आम्ही फाट्याकडे निघालोय. त्याने उत्तर लिहिलं: सापडली. उभी होती. थोडा विचार करून पुढे लिहिलं: कागद फाडला नसशील तर जपून ठेव. मग ते पुसून टाकलं आणि पहिलं तेवढंच पाठवलं.

शहराच्या तोंडाशी मोठा चौक. गोल फिरून डावीकडे तिचं घर, सरळ चार किलोमीटरवर त्याचं. ती पुढे होती. आता ती इंडिकेटर देऊन निघून जाईल, असं त्याने धरून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी येईल की नाही हे विचारायचाही हक्क आपल्याला नाही, हेही.

ती डावीकडे वळायच्या तोंडाशी कोपऱ्यावर थांबली. एक पाय जमिनीवर टेकवला. मान वळवली नाही, त्याच्याकडे बघितलं नाही. नुसता उजवा हात लांब केला, सरळ रस्त्याकडे, त्याच्या घराच्या दिशेने. जणू इतकी वर्षं याच गावात राहणाऱ्या माणसाला स्वतःचं घर सापडणार नव्हतं.

तो शेजारून पुढे गेला. दोनदा हॉर्न दिला.

आणि आरशात बघितलं. आरशात पहिल्यांदाच कोणीतरी होतं: कोपऱ्यावर एक गाडी, एक पाय जमिनीवर, खाली येणारा हात. मग इंडिकेटर लागला, डावा. चार वेळा लुकलुकला.

मग रस्ता, मागे मागे जाणारा.